गास्ताँ प्लाँते: बॅटरीवर बॅटरी चार्ज करणारा माणूस

कॅम्पर व्हॅनमध्ये दोन बॅटऱ्या असतात. एक गाडीची, म्हणजे स्टार्टर मारायला लागते ती. दुसरी घराची, म्हणजे रात्री इंजिन बंद असताना दिवे, पंखा, छोटा फ्रिज आणि आपले मोबाईल जिच्यावर चालतात ती. या दोघींच्या मध्ये एक डबी बसवतात. तिचं नाव बॅटरी-टू-बॅटरी चार्जर, थोडक्यात बी-टू-बी. गाडी चालू असताना पहिल्या बॅटरीकडून वीज घ्यायची आणि दुसरीला नीट भरायची, एवढंच तिचं काम.

एरवी मी अशा विषयाची सुरुवात वायरिंगच्या आकृतीने करतो. पण आकृती पाठ केली तरी एक प्रश्न डोक्यात राहतोच: दोन्ही बॅटऱ्या १२ व्होल्टच्या, मग सरळ वायरने का जोडू नयेत? मधली महागडी डबी हवीच कशाला? या प्रश्नाचं सगळ्यात सोपं उत्तर मला एका फ्रेंच माणसाच्या आयुष्यात दिसतं. त्याचं नाव गास्ताँ प्लाँते. पुन्हा पुन्हा चार्ज होणारी लेड-ॲसिड बॅटरी त्याने १८५९ मध्ये बनवली. आणि मित्रांनो, ती चार्ज करायला त्याच्याकडे ना सॉकेट होतं ना डायनॅमो. त्याच्याकडे होत्या फक्त दुसऱ्या बॅटऱ्या.

आधी पक्षी, मग बॅटरी

प्लाँतेचा जन्म २२ एप्रिल १८३४ चा, फ्रान्सच्या नैऋत्येकडच्या ऑर्तेझ गावातला. घरात हुशारीला तोटा नव्हता. त्याचा धाकटा भाऊ फ्रान्सिस पुढे युरोपभर गाजलेला पियानोवादक झाला.

१८५४ मध्ये, म्हणजे विशीत, गास्ताँ पॅरिसच्या 'कला आणि हस्तोद्योग' संस्थेत भौतिकशास्त्राच्या वर्गाचा सहाय्यक म्हणून लागला. प्राध्यापक शिकवणार आणि हा प्रयोगाची मांडणी करून देणार. ते प्राध्यापक होते एदमाँ बेक्रेल. प्रकाश पडला की काही पदार्थांतून वीज मिळते हे बेक्रेलने १८३९ मध्ये दाखवून दिलं होतं. आज व्हॅनच्या टपावर सोलर पॅनल असतं आणि सीटखाली लेड-ॲसिड बॅटरी. या दोन्हींची मुळं अशी एका गुरू-शिष्याच्या जोडीपर्यंत जातात.

पण प्लाँतेचं नाव सगळ्यात आधी गाजलं ते एका पक्ष्यामुळे. १८५५ मध्ये पॅरिसजवळच्या म्यूदाँ इथे त्याला एका प्रचंड मोठ्या, न उडणाऱ्या प्राचीन पक्ष्याचं हाड सापडलं. त्या पक्ष्याला शास्त्रज्ञांनी त्याच्याच नावावरून गॅस्टॉर्निस असं नाव दिलं. वीस वर्षांच्या पोराच्या नावाने अख्खा प्राणी! कुणीही त्याच वाटेने पुढे गेला असता. हा मात्र परत प्रयोगशाळेत आला आणि ॲसिडच्या भांड्यांत धातूचे पत्रे बुडवत बसला.

धातूंची परीक्षा

तेव्हाच्या बॅटऱ्या एकदाच वापरायच्या असत. आतला धातू आणि रसायन संपलं की ओतून द्यायचं आणि नवीन भरायचं. आपल्या टीव्ही रिमोटच्या सेलसारखंच, फक्त भांडी मोठी आणि वास भयंकर.

एक गोष्ट मात्र लोकांच्या लक्षात आली होती. ॲसिडमध्ये दोन पत्रे बुडवून त्यांच्यातून वीज सोडली आणि मग बाहेरची बॅटरी काढून टाकली, तर ते पत्रे थोडा वेळ उलट दिशेने वीज परत देतात. बहुतेकांना ही कटकट वाटायची, कारण त्यामुळे त्यांचे प्रयोग बिघडायचे. प्लाँतेने तीच कटकट कामाला लावायची ठरवली. त्याने सोनं, चांदी, प्लॅटिनम, तांबं, कथील, शिसं असे वेगवेगळे धातू घेतले आणि कोण किती जोरात आणि किती वेळ वीज परत देतो ते पाहिलं. पातळ केलेल्या सल्फ्युरिक ॲसिडमध्ये शिसं सगळ्यांच्या पुढे निघालं. भंगारात किलोवर मिळणाऱ्या धातूने सोन्याला मागे टाकलं.

मग त्याने शिशाचे दोन लांब पत्रे घेतले. एकमेकांना चिकटू नयेत म्हणून मध्ये आधी जाडंभरडं कापड आणि नंतर रबराच्या पट्ट्या ठेवल्या. चटईसारखी गुंडाळी केली आणि ती काचेच्या भांड्यात, दहा टक्के सल्फ्युरिक ॲसिडमध्ये उभी केली. झाली बॅटरी. १८६० मध्ये अशा नऊ सेलची पेटी त्याने पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे ठेवली.

गुंडाळी करण्यामागे कारण होतं. पत्रा लांब, त्यामुळे ॲसिडला भिडणारं क्षेत्रफळ मोठं. दोन पत्र्यांमधलं अंतर कमी, त्यामुळे आतला अडथळा कमी. म्हणून हा सेल एका दमात प्रचंड करंट द्यायचा. त्याच्या टोकांना बारीक तार लावली की ती लाल होऊन वितळायची. डॉक्टर मंडळींनी याचा उपयोग लगेच करून घेतला. शस्त्रक्रियेत शरीराचा भाग डागायला लागणारी प्लॅटिनमची तार ते या सेलवर तापवू लागले.

इथेच वायरिंगचा एक नियम येतो. जी बॅटरी तार वितळवून दाखवते, ती तुमच्या व्हॅनमधली वायरही वितळवू शकते. आजच्या लिथियम बॅटऱ्यांमध्ये आतला अडथळा आणखी कमी असतो. घासून घासून इन्सुलेशन गेलेली एक पॉझिटिव्ह वायर पत्र्याला लागली की शेकडो अँपिअर वाहतात आणि आपण मागे गादीवर झोपलेले असतो. म्हणून दोन्ही बॅटऱ्यांच्या पॉझिटिव्ह टर्मिनलपासून वीतभर अंतरात फ्यूज हवाच हवा. बऱ्याच जणांना वाटतं की फ्यूज चार्जर वाचवायला असतो, म्हणून ते एकच फ्यूज चार्जरजवळ लावतात. तसं नाही. फ्यूज वायर वाचवतो. धोका बॅटरीकडून येतो आणि इथे बॅटऱ्या दोन आहेत, म्हणजे फ्यूजही दोन. असा एकच फ्यूज लावलेली व्हॅन मी पाहिली आहे. वायरवरचं प्लास्टिक गाडीच्या मजल्याला वितळून चिकटलं होतं. नशीब चांगलं म्हणून ती दिवसा, उभी असताना धुमसली.

पातळीची भानगड

आता मुख्य मुद्दा. प्लाँतेची बॅटरी तयार झाली, पण भरायची कशी?

त्याच्याकडे बुन्सेन सेल होते, म्हणजे जस्त, कार्बन आणि नायट्रिक ॲसिडचे, एकदाच वापरायचे. एका बुन्सेन सेलचा दाब साधारण १.९ व्होल्ट. आणि शिशाचा भरलेला सेल साधारण २.१ व्होल्टचा. म्हणजे एका बुन्सेनने तो पूर्ण भरणार नाही. वीज ही पाण्यासारखी पातळी बघते. बिल्डिंगच्या खालच्या टाकीत कितीही पाणी असो, ते आपोआप गच्चीवरच्या टाकीत चढत नाही. मोटर लावावी लागते. दोन टाक्या एकाच पातळीला असतील तर मधला पाइप कितीही जाड घ्या, थोडंसं पाणी हलेल आणि थांबेल.

म्हणून प्लाँतेने दोन बुन्सेन सेल एकापुढे एक जोडले. दाब जवळपास ३.८ व्होल्ट झाला आणि शिशाचा सेल आरामात भरू लागला.

'दोन १२ व्होल्टच्या बॅटऱ्या सरळ का जोडू नयेत' याचं उत्तर हेच. लेड-ॲसिड बॅटरी पूर्ण भरायला चार्जिंगच्या वेळी साधारण १४.४ व्होल्ट लागतात. लिथियम आयर्न फॉस्फेटलाही १४.२ ते १४.६ च्या आसपास. पण नुसती उभी असलेली, पूर्ण भरलेली गाडीची बॅटरी १२.७ व्होल्टच देते. इंजिन चालू असताना अल्टरनेटर दाब वाढवतो हे खरं. पण नव्या गाड्यांतले अल्टरनेटर इंधन वाचवायला मध्येच आपला दाब खाली आणतात. त्यात लांब वायरमध्ये थोडा दाब गळतो. मागच्या बॅटरीपर्यंत काय पोचतं? अर्धवट चार्ज. बी-टू-बी चार्जर म्हणजे मधली मोटर. समोरून १२ आले, १३ आले, तरी तो मागे हवा तेवढाच दाब देतो.

हीच गोष्ट तुमच्या खिशातही घडते. पॉवर बँकेतला सेल ३.७ व्होल्टचा आणि यूएसबीला किमान ५ व्होल्ट लागतात. त्यामुळे १०,००० एमएएचच्या पॉवर बँकेत खरी ऊर्जा ३७ वॉट-तास. ५ व्होल्टवर मोजलं तर ती ७,४०० एमएएच होते आणि त्यातली काही उष्णतेत जाते. ५,००० चा फोन दोनदा फुल होत नाही तेव्हा कंपनी फसवतेच असं नाही. पाणी वर चढवायला खर्च येतो.

आठशे थरांची दहीहंडी

प्लाँते एवढ्यावर थांबला नाही. त्याला प्रयोगांसाठी खूप मोठा दाब हवा होता. खरं तर त्यासाठी शेकडो बुन्सेन सेल लागले असते आणि नायट्रिक ॲसिडच्या लाल वाफांनी खोलीत बसणं अशक्य झालं असतं. त्याने वेगळी युक्ती काढली.

दहीहंडीचं बघा. सगळे गोविंदा जमिनीवर शेजारी शेजारी उभे असतात तेव्हा त्यांना पाणी पाजायला शिडी लागत नाही. तेच गोविंदा थरावर थर चढले की हंडीपर्यंत पोचतात. प्लाँतेने आपले सेल आधी शेजारी शेजारी जोडले. या पॅरलल जोडणीमुळे दोनच बुन्सेन सेलवर सगळे सावकाश भरत गेले. मग एक फिरता स्विच वळवला की तेच सेल एकापुढे एक, म्हणजे सिरीजमध्ये जोडले जायचे. वीस सेल, प्रत्येकी दोन व्होल्ट, लगेच चाळीस. पुढे त्याने अशा सेलची संख्या आठशेपर्यंत नेली. म्हणजे १,६०० व्होल्टच्या वर. भरायला मात्र सुरुवातीला तेवढेच दोन बुन्सेन.

जादू काहीच नव्हती. भरायला कितीतरी तास, रिकामं व्हायला थोडी मिनिटं. जेवढी आत टाकली त्याहून कमीच वीज बाहेर आली, फक्त हव्या त्या दाबाने आली.

नंतर याच कल्पनेवर त्याने अभ्रकाच्या कंडेन्सरचं यंत्र केलं. कंडेन्सर पॅरललमध्ये भरायचे आणि सिरीजमध्ये मोकळे करायचे. त्यातून मोठाल्या ठिणग्या निघायच्या. त्या ठिणग्यांवरून तो आकाशातली वीज आणि ध्रुवीय प्रकाश समजून घ्यायचा प्रयत्न करत होता.

फास्ट चार्जिंगवाल्या बऱ्याच फोनमध्ये चार्ज पंप नावाची चिप असते. ती कंडेन्सर सिरीजमध्ये भरते आणि पॅरललमध्ये मोकळे करते. त्यामुळे दाब अर्धा होतो आणि करंट दुप्पट. प्लाँतेचंच यंत्र, उलटं चालवलेलं, सेकंदाला लाखो वेळा. व्हॅनच्या बी-टू-बीमध्ये कंडेन्सरऐवजी मुख्य काम तांब्याच्या कॉइलकडे असतं. इलेक्ट्रॉनिक स्विच कॉइलमध्ये थोडी ऊर्जा भरतो, लगेच पुढे ढकलतो, पुन्हा भरतो. तत्त्व तेच: एका पातळीवर साठवा, दुसऱ्या पातळीवर सोडा.

वीस वर्षांची वाट

एवढं सगळं जमूनही प्लाँतेची बॅटरी बाजारात चालली नाही. कारणं दोन.

पहिलं, नवा पत्रा सुरुवातीला फार कमी वीज साठवायचा. त्याला तयार करावं लागायचं. चार्ज करा, रिकामा करा, वायरी उलट्या लावून पुन्हा चार्ज करा, काही दिवस नुसता ठेवा, परत सुरू. असं करत करत शिशाचा पृष्ठभाग सच्छिद्र होत जाई आणि साठवण वाढे. यात महिने जायचे. रीलसुद्धा पूर्ण न बघणाऱ्या आपल्या पिढीला हे पचणं कठीण आहे, पण हा माणूस वर्षानुवर्षं तेच करत राहिला.

दुसरं कारण जास्त कडू. पुन्हा चार्ज होणारी बॅटरी बनवून उपयोग काय, जर ती भरायला महागडे, एकदाच वापरायचे सेलच लागत असतील? टाकी तयार होती, गावात नळ आला नव्हता. झेनोब ग्रामने आपला डायनॅमो १८७१ मध्ये दाखवला, तेव्हा कुठे यंत्राने भरपूर आणि सलग वीज मिळायची सोय झाली.

डायनॅमोबरोबर नवी अडचणही आली. डायनॅमो फिरतोय तोवर वीज बॅटरीकडे जाते. तो हळू झाला की बॅटरीची वीज उलटी डायनॅमोकडे वाहते आणि त्यालाच मोटरसारखी फिरवते. रात्रभर भरलेली टाकी मोटरच्याच पाइपातून रिकामी!

व्हॅनमध्ये ही अडचण सकाळी कळते. दोन्ही बॅटऱ्या सरळ जोडल्या असतील तर रात्री फ्रिज दोघींना पितो आणि पहाटे घाटातल्या एखाद्या वळणावर स्टार्टर नुसता टकटक करतो. बी-टू-बीमधून वीज एकाच दिशेने जाते. शिवाय त्याला एक बारीक सिग्नल वायर असते. ती इग्निशनवर किंवा अल्टरनेटरच्या डी-प्लस टोकावर जोडायची. इंजिन बंद, चार्जर बंद. ही वायर कंटाळा करून थेट बॅटरीच्या पॉझिटिव्हला जोडू नका. चार्जरला इंजिन कायम चालूच आहे असं वाटतं आणि तो गाडीची बॅटरी उपसत बसतो.

श्रेय आणि शेवट

१८८१ मध्ये कामीय फोर या दुसऱ्या फ्रेंच माणसाने शिशाच्या पत्र्यावर शेंदरासारख्या शिशाच्या ऑक्साइडचा लेप द्यायची पद्धत आणली. महिन्यांचं काम फार थोड्या वेळात होऊ लागलं आणि लेड-ॲसिड बॅटरीचे कारखाने उभे राहिले. त्याच वर्षी गुस्ताव त्रूव्हेने पॅरिसच्या रस्त्यावर बॅटरीवर चालणारी तीनचाकी चालवली. पेट्रोलच्या गाड्या रस्त्यावर यायला अजून काही वर्षं होती.

प्लाँते २१ मे १८८९ रोजी गेला. वय फक्त पंचावन्न. आदल्याच वर्षी वातावरणातल्या विजेवरचं त्याचं पुस्तक आलं होतं. आपली बॅटरी प्रत्येक मोटारीत बसेल हे त्याला बघायला मिळालं नाही. ते घडलं १९१२ नंतर, कॅडिलॅक गाडीत इलेक्ट्रिक स्टार्टर आला तेव्हापासून. चंद्राच्या पलीकडच्या बाजूला एका विवराला त्याचं नाव आहे. पण तुमच्या घरच्या इन्व्हर्टरमध्ये डिस्टिल्ड वॉटर टाकताना त्याची आठवण काढणं मला जास्त बरोबर वाटतं. आतलं शिसं आणि सल्फ्युरिक ॲसिड अजून तेच आहे.

आता तुमच्या व्हॅनचा हिशोब

३० अँपिअरचा बी-टू-बी धरू. मागे १४.४ व्होल्टने ३० अँपिअर, म्हणजे ४३२ वॉट. चार्जरची कार्यक्षमता ९० टक्के धरली तर पुढून ४८० वॉट घ्यावे लागतात. १२.५ व्होल्टवर ते होतात सुमारे ३८ अँपिअर. म्हणजे चार्जरवर ३० लिहिलं असलं तरी पुढची वायर ३८ ची लागते.

गाडीच्या बॅटरीपासून चार्जर पाच मीटर लांब असेल, तर जाऊन-येऊन दहा मीटर तांबं. ६ चौरस मिलिमीटरची वायर घेतली तर तिच्यात सुमारे १.१ व्होल्ट गळतात आणि ४० वॉटहून जास्त उष्णता होते. म्हणजे गालिच्याखाली एक सोल्डरिंग आयर्न चालू ठेवल्यासारखं. १६ चौरस मिलिमीटर घेतली तर गळती ०.४ व्होल्टवर येते. जाड वायर घ्या. चार्जर मागच्या बॅटरीजवळ बसवा, म्हणजे तिचा दाब त्याला नीट कळतो. डबी तापते, म्हणून भोवती हवा खेळू द्या.

फ्यूज या उदाहरणात पुढच्या बाजूला ६० आणि मागच्या बाजूला ४० अँपिअरचा चालतो, पण तुमच्या चार्जरच्या पुस्तिकेतला आकडा अंतिम. निगेटिव्हलाही तेवढीच जाड वायर. काम करताना दोन्ही फ्यूज काढून ठेवा आणि सगळ्या जोडण्या घट्ट झाल्यावर शेवटी बसवा. बॅटरीचा प्रकार लेड-ॲसिड की लिथियम, हे चार्जरमध्ये न विसरता निवडा. गाडी वॉरंटीत असेल तर वायरिंगला हात लावण्याआधी सर्व्हिस सेंटरला विचारा, आणि बॉनेटखालच्या जोडण्या ऑटो-इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या.

सगळं झालं की इंजिन चालू करून मल्टीमीटर घ्या. एकदा गाडीच्या बॅटरीच्या टर्मिनलवर मोजा आणि एकदा चार्जरच्या इनपुटवर. दोन आकड्यांत अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त फरक दिसला, तर पहिल्या मुक्कामाला निघण्याआधी वायर आणि लग पुन्हा तपासा.